म्हशींचा उतार

ढिवर मोहल्ल्यातल्या डोमाचे पाय तलावानं राखले होते, गावात कोणालाही विचारा. पंचाहत्तरी ओलांडली तरी गडी पहाटे खांद्यावर जाळं टाकून निघायचा, पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, मातीच्या उतारावरून हळूहळू पाण्यात शिरायचा आणि झिंगे-मरळ घेऊन घरी यायचा. गुडघेदुखी कशाशी खातात हेही त्याला ठाऊक नव्हतं.

मग वरून निधी आला आणि तलावाचं सौंदर्यीकरण झालं. तेही कोणासाठी? म्हाताऱ्यांसाठी! पाळीवर गुळगुळीत फरशी, बसायला बाकडी, कसरतीच्या रंगीत मशिनी. आणि मातीचा उतार खोदून तिथं दगडी पायऱ्या, एकेक मांडीएवढी उंच. फीत कापायला गावातला सर्वांत तरतरीत म्हातारा म्हणून डोमाच. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाऊ खूश!

दुसऱ्या दिवशी पहिल्याच पायरीवर खुशी जिरली. उभ्यानं पाय पोचेना, बसून उतरावं तर उठता येईना. डोमा बाकड्यावर बसला. मग रोजच बसू लागला. बसून बसून माणसाचं काय होणार? दिवाळीपर्यंत त्याला घरातला उंबरठा ओलांडायलाही भिंत धरावी लागली.

"मशिनीवर पाय काऊन नाई हालवत जी?" बायको गुणाबाई म्हणाली.

"त्या लोखंडात मासोळी सापडते का?" तो खेकसला.

पण पलीकडचा काठ निधीच्या तडाख्यातून सुटला होता. म्हशी पाण्यात उतरायच्या तो उतार तिथं शाबूत होता. कुंपणं धरत, झाडं धरत, मोठा वळसा घालून डोमा एकदाचा तिथं पोचला. गुडघाभर पाण्यात उभा राहिला तेव्हा त्याला चक्क रडू आलं. होळीच्या सुमारास पायांत पुन्हा जीव आला आणि गुणाबाईच्या चुलीवर मासोळीही आली.

अशात ग्रामपंचायतीनं म्हाताऱ्यांना काठ्या वाटायचा कार्यक्रम ठेवला. सरपंच रंजीताबाईंनी डोमाला मंचावर बोलावलं, "दोन शब्द बोला भाऊ."

डोमानं माईक घट्ट धरला. "बाई, काठी नोको मले. त्या पायऱ्या काढा. पलीकडं म्हशींचा उतार हाये, मी रोज तिथूनच उतरतो. तसाच इथी करून द्या, सारे म्हातारे चालतीन."

टाळ्या पडल्या. रंजीताबाईंचे डोळे पाणावले. बाई मनानं वाईट नव्हत्या हो, तीच तर पंचाईत!

"ऐकलं का? आपले डोमाभाऊ या वयात म्हशींच्या चिखलातून उतरतात! आपल्याला लाज वाटली पाहिजे," त्या म्हणाल्या. "पुढच्या टप्प्यात पलीकडच्या काठालाही अशाच पक्क्या पायऱ्या होतील. भाऊंच्या नावानं!"

मंडप टाळ्यांनी दणाणला. गुणाबाईनं कपाळावर हात मारला. डोमा "नाई, नाई" म्हणत पुढं सरला, पण माईक पुढच्या वक्त्याच्या हाती गेला होता आणि फोटोवाला त्याला हातात कोंबलेली काठी जरा वर धरायला सांगत होता.