बाबांच्या तोंडचे शब्द

मे महिन्यात आदिलाबादेत दुपारी बाराच्या पुढे कुणी कुणाकडे जात नाही. मी तामसीकडच्या एका शाळेत मराठी शिकवते. शाळेला सुट्टी लागली की कूलरमध्ये पाणी भरायचं आणि टीव्ही लावायचा, एवढीच कामं माझ्याकडून मनापासून होतात. यंदा माय गावाकडून दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती, आणि माझ्या मुलीची, साक्षीची, इंटरची म्हणजे बारावीची परीक्षा संपली होती. त्यामुळे जेवणं आटोपली की आम्ही तिघी चटई टाकून बसायचो.

सकाळी स्वयंपाक करताना जुनी गाणी. दुपारी साक्षीची कोरियन मालिका, तेलुगूत बोलणारी. मायला ती आवडत होती, पण तिची एक तक्रार होती. "सोळा दिवस झाले," ती म्हणायची, "पोराच्या तोंडातून एक शब्द निघून नाही राह्यला. एवढ्यात तर त्यायचं लेकरू शाळेत गेलं असतं." संध्याकाळी बातम्या, मग गाण्यांच्या स्पर्धा. त्यात कोण जिंकणार हे माय पहिल्या ओळीतच सांगायची, आणि बरेचदा तिचंच खरं निघायचं.

पासष्टीला आलेली माझी आई टीव्हीपुढे अशी रमलेली पाहून मला बरं वाटायचं आणि थोडं वाईटही. कारण आमच्या घरात अठरा वर्षं टीव्ही नव्हता. माझे बाबा, रामाजी, मंडळाच्या, म्हणजे तहसिलाच्या, कचेरीत कारकून होते. मी लहान असताना त्यांच्याइतका सिनेमाचा शौकीन माणूस आमच्या वस्तीत दुसरा नव्हता. दाढी करताना ते शिट्टीवर गाणी वाजवत. महिन्यातून एकदा आम्हाला बसने आदिलाबादला आणून टॉकीजमध्ये बसवत. मग मी दहावीत गेले त्या वर्षी त्यांनी अचानक घरातला टीव्ही मामाला देऊन टाकला. "पोरायचा अभ्यास होत नाही," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते कधी टॉकीजला गेले नाहीत. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. माझा समज कायम हाच होता, आणि धाकटा भाऊ अनुप याचाही तोच असेल असं मी धरून चालले होते, की बाबांनी आमच्या शिक्षणासाठी आपला शौक सोडला. शाळेत मुलांना त्यागाचं उदाहरण द्यायचं असलं की मी हेच सांगायचे.

त्या रविवारी माझे पती हर्षदीपही घरी होते. साक्षीची मालिका संपली होती, म्हणून तिने चॅनेल फिरवता फिरवता एक जुना तेलुगू सिनेमा लावला. मी शाळेत असतानाच्या काळातला. रंग फिकटलेले, गाणी मोठी. हर्षदीप उशीवर रेलले होते, मी टरबूज कापून परातीत ठेवलं होतं.

सिनेमात नायकाची म्हातारी आई पेन्शनच्या कागदासाठी कचेरीत येते. टेबलामागे चष्मा लावलेला एक बारीक कारकून बसलेला. तो मान वर करून गेंगाण्या आवाजात तिला म्हणतो की हात ओला केल्याशिवाय इथे कागद पुढे सरकत नाही. म्हातारी रडते. तेवढ्यात नायक आत येतो, टेबलावर हात टेकतो आणि कारकुनाच्या थोबाडीत देतो. चष्मा उडून भिंतीवर आपटतो. कारकुनाचं तोंड उघडंच राहतं.

"बरा बसला," हर्षदीप म्हणाले. साक्षीने टाळी वाजवली. त्या उघड्या तोंडाकडे पाहून मला जोरात हसू आलं.

माय हसली नाही. तिच्या हातातली टरबुजाची फोड तिने परातीत परत ठेवली.

"साक्षी, ते मागं घेता येते काय?"

"हे चॅनेल आहे आजी. मागं नाही जात."

"मंग मोबाइलात शोध. मले पुन्हा पाहाचं हाय."

"काय झालं माय?" मी विचारलं.

"तो तुहा बाप होता," माय म्हणाली.

मला वाटलं, उन्हानं तिला काहीतरी झालं. मी तिच्या कपाळाला हातही लावला. साक्षीने यूट्यूबवर सिनेमा शोधला, टीव्हीला जोडला, आणि सरकवत सरकवत तिथे आणला. कारकुनाने मान वर केली तसं तिने चित्र थांबवलं.

निळ्या चौकड्यांचा शर्ट. खिशाला दुसऱ्याच कापडाचं ठिगळ, ते मायने लावलं होतं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कानाच्या पाळीजवळचा चामखीळ. समोर बसले होते ते माझे बाबा होते, आत्ताच्या माझ्यापेक्षा वयाने लहान.

हर्षदीप उठून बसले. साक्षीच्या हातात रिमोट तसाच होता. माझ्या गालांवर मघाचं हसू अजून शिल्लक असल्यासारखं मला वाटत होतं, आणि ते कसं पुसावं हे कळत नव्हतं. बाबांच्या तोंडावर चापट बसली होती आणि मी हसले होते. जगात दुसऱ्या कुणाच्या हसण्याचं मला काही वाटलं नसतं.

साक्षीने न विचारता पुढे लावलं. चापट पुन्हा बसली. माय म्हणाली, "कान सुजून आला होता एक दिवस. मले सांगतलं, बसचं दार लागलं. मी मिठानं शेकला." मग तिने विचारलं, "सिनेमात का होईना, लाच काऊन मागतली त्यानं? ज्यानं कोनाच्या घरचा चहा नाही घेतला तो मानूस."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही टीव्ही लागला नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "भैंशाले जाऊ. वामनरावाले माहीत असन."

वामनराव हे बाबांचे कचेरीतले जोडीदार. वीस वर्षं दोघांची टेबलं शेजारी होती. आता ते भैंशाला मुलाकडे राहतात, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत. आम्ही दोघी पहाटेच्या बसने निघालो. वाटभर माय खिडकीबाहेर पाहत होती. मी एकदा म्हटलं, "त्यांनी हौसेनं काम केलं असेल."

वामनराव ओसरीवर बाजेवर बसले होते. डोळ्यांना आता कमी दिसतं, पण मायच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. "जयभीम वहिनी," ते म्हणाले आणि सरकून जागा केली. त्यांच्या पत्नी बयनाबाई ताक घेऊन आल्या. मायने पेल्याला हात लावला नाही.

"भाऊजी, मी सिनेमा पाह्यला," ती म्हणाली.

वामनरावांनी कुठला ते विचारलं नाही. ते हातातली काठी फिरवत राहिले.

"मले वाटलं व्हतं तुमाले कधीच दिसनार नाही," ते म्हणाले. "त्यानं मले शपथ घातलती."

मग त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात सिनेमावाले कचेरीची इमारत दोन दिवसांसाठी घेऊन आले. कारकुनाचं काम करणारा त्यांचा माणूस हैदराबादहून आलाच नाही. त्यांनी आधी वामनरावांना विचारलं. "मी म्हनलो, माह्यापेक्षा हा आमचा रामाजी पाहा, याले सिनेमाचं लय येड हाय. मीच त्याले पुढं ढकललं वहिनी. तो तर लाजून राह्यला होता. पन आतून खूश. तोंड धुतलं, भांग पाडला."

"लाच मागाले कोनी सांगतलं त्याले?" माय म्हणाली.

"लाच कुठं मागतली त्यानं?" वामनराव म्हणाले. "त्यायनं सांगतलं, म्हातारी येईन, तू तिच्यासंगं बोल, काहीबी बोल, आवाज नंतर आमचा मानूस देईन. रामाजी म्हने, काय बोलू? ते म्हने, रोज टेबलावर काय बोलतो ते बोल. तर तो तेच बोलला. मी दारातच उभा होतो. तिले म्हनला, कूर्चोम्मा, नीळ्ळु तागू, पनि अयिपोतुंदि."

बसा आई, पाणी प्या, तुमचं काम होऊन जाईल. कचेरीत आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला बाबा हेच म्हणत. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा माझ्या कानांनी ऐकलेलं होतं.

"अन् मारनार हाय, हे सांगतलं व्हतं त्याले?" मायने विचारलं.

"नाही. ते कोनालेच सांगतलं नव्हतं. त्यायले त्याचं तोंड तसंच पाह्यजे होतं, दचकलेलं. पह्यल्याच वेळी झालं म्हनून सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. साहेब बी हसले. तो हिरो येऊन पाठीवर थाप मारून गेला. रामाजीनं चष्मा उचलला, पुन्हा दोऱ्यानं बांधला अन् बसला आपल्या टेबलावर. मले म्हनला, घरी सांगू नको, लेकरं हसतीन."

मी खाली पाहिलं. बयनाबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना कशाचं काय ते कुठून कळणार.

"ते त्यानं पचवलं," वामनराव पुढे म्हणाले. "हसून सोडून देल्लं. मंग थंडीत सिनेमा आदिलाबादले लागला. आमी दोघं गेलो. तुमाले आधी नव्हतं सांगतलं, म्हने पह्यले मी पाहून येतो, बरं असन तं सगळ्यायले नेतो. अन् तिथं त्याच्या तोंडात ते शब्द आले. हात ओला कर. त्याचे ओठ, अन् ते बोलनं. सारं टॉकीज शिट्ट्या मारून राह्यलं होतं. तो उठून जाऊ बी शकत नव्हता, पडद्याच्या उजेडात लोकायनं ओळखलं असतं. इंटरवलपर्यंत रुमाल तोंडावर धरून बसला, मंग गर्दीतून तसाच बाहेर पडला."

"म्हनूनच टीव्ही देल्ला त्यानं," माय हळू म्हणाली.

"नाही वहिनी. टीव्ही त्यानं आठ दिवसानं देल्ला. एक म्हातारा आलता जमिनीच्या कागदाले. त्यानं अर्जाच्या घडीत नोट ठेवली अन् रामाजीच्या हातात देल्ली. म्हने, सायेब, सिनेमात पाह्यलं, तुमाले असं लागते म्हनून घेऊनच आलो. रागानं नाही म्हनला तो. सरळ मनानं म्हनला. त्या दिवशी रामाजी जेवला नाही."

मायने डोळ्यांना पदर लावला नाही. तिने समोरचं ताक उचललं, सगळं पिऊन टाकलं आणि म्हणाली, "भाऊजी, तुमी तवाच सांगाले पाह्यजे होतं. मी त्याले एकल्याले नसतं सोसू देल्लं."

"चुकलंच," वामनराव म्हणाले.

परत आलो तेव्हा साक्षी दारातच उभी होती. मायने पायावर पाणी घेतलं आणि तिला म्हणाली, "लाव तो सिनेमा. पन आवाज काढून टाक."

साक्षीने आवाज बंद केला. कूलर घरघरत होता, तोही मायने बंद करायला लावला. पडद्यावर म्हातारी आली. बाबांनी मान वर केली. आवाज असताना मला त्यांच्या चेहऱ्यावर जो लबाडपणा दिसला होता तो तिथे नव्हताच. आमच्या ओळखीचे ते डोळे होते, माणसाकडे नीट पाहणारे. ओठ हलले. कूर्चोम्मा. खालचा ओठ पुढे आला, मिटला. डावा हात किंचित कोपऱ्याकडे गेला, कचेरीत माठ ठेवलेला असायचा तिकडे. पनि अयिपोतुंदि.

"पाणी दाखवतायत आबा," साक्षी म्हणाली. "आजी, मी टाळी वाजवली होती."

"तुले काय माहीत होतं बाई," माय म्हणाली, आणि चापट बसायच्या आत तिने स्वतः रिमोटचं बटण दाबलं. पुढचं तिने त्यानंतर एकदाही पाहिलं नाही. तेवढा तुकडा मात्र त्या संध्याकाळी आम्ही नऊ-दहा वेळा पाहिला. आमच्याकडे बाबांचे फोटो चार. हलते, बोलते बाबा आम्हाला पहिल्यांदाच मिळाले होते.

मग मी अनुपला फोन लावला. तो मंचेरियलला कोळशाच्या खाणीत नोकरीला आहे. मी सुरुवात केली, "तुला एक सांगायचं आहे, बस आधी. बाबा एका तेलुगू सिनेमात..."

"मले माहीत हाय ताई," तो म्हणाला.

"कसं?" मी विचारलं.

"होस्टेलात पाह्यला होता," अनुप म्हणाला. "अकरावीत. टीव्ही हॉलमध्ये साठ पोरं. सगळ्यायनं शिट्ट्या मारल्या. मी बी मारली. नाही मारली असती तं कोनी तरी माह्याकडे पाह्यलं असतं. मले वाटलं, बाबायनं खरंच कुठं पैसे घेतले असतीन, म्हनूनच त्यायले बरोबर निवडलं. वर्षभर मी त्यायच्या डोळ्यात नाही पाह्यलं. ते गेले तवा बी मले हेच आठवून राह्यलं होतं."

तेवीस वर्षं हे त्याने एकट्याने ठेवलं होतं. बाबांनी त्याच्यापासून लपवलं आणि त्याने बाबांपासून. दोघं एका ताटाला बसून जेवायचे.

मी त्याला वामनरावांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. नायक, साहेब, टॉकीज, म्हाताऱ्याची नोट. बाबांची ती तेलुगू वाक्यंही सांगितली.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. पलीकडे तो ते शब्द स्वतःशीच म्हणत राहिला. शेवटी मायने माझ्या हातातून फोन घेतला.

"अनुप," ती म्हणाली, "रविवारी ये. पोरायले बी आन. आपन सगळे बसून पाहू."

तो रविवारी सकाळच्या गाडीने आला, बायको सपना आणि दोन्ही मुलांना घेऊन. जेवणं झाल्यावर साक्षीने तेवढा तुकडा लावला, आवाज न देता. अनुप टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि बाबांनी मान वर केली तेव्हा त्याने नजर खाली घेतली नाही.