बंद घरांचा नकाशा

नकाशावर मावशीचं घर नारिंगी दिसलं आणि मी लॅपटॉप अर्धा मिटून घेतला.

मीटिंग भरात होती. पाणीपुरवठा खात्याचे आमचे मोठे साहेब खुर्चीत मागे रेलले होते, विधी अधिकारी बाई चष्मा पुसत होत्या आणि पडद्यासमोर आमचा सॉफ्टवेअरवाला सगळं शहर उलगडून दाखवत होता. त्याला आम्ही झूम म्हणतो. काहीही दाखवायला घेतलं की मोठं करून दाखवायची खोड आहे त्याला, मग ती गल्ली असो नाहीतर स्वतःच्या पोराचा पडलेला दात.

"निळी घरं म्हणजे जिथे लोक राहतात ती," झूम सांगत होता. "राखाडी म्हणजे मालकाने बंद म्हणून नोंदवलेली, पाण्याचा वापर शून्य. आणि ही नारिंगी बघा. इथे खरी गंमत आहे! नोंद बंद घराची, पण मीटर रोज पळतंय."

सगळे हसले. नकाशा ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवरही उघडलेला होता आणि माणसाची जातच अशी की जो तो आधी आपलंच घर शोधत होता. मीही माझं बघितलं, मग आईचं, आणि मग सहज म्हणून मावशीचं. निळ्या गल्लीत ते एकटं नारिंगी.

मावशी गेल्यापासून ते घर बंद आहे. बंद घराला पाणीपट्टी नावालाच भरावी लागते, म्हणून आईने तशी नोंद करून ठेवली होती. आणि त्या बंद घरात सध्या माझी धाकटी बहीण राहतेय. नवऱ्याने हात पिरगाळून मोडला, प्लास्टर आत्ताच कुठे निघालंय. त्याने तिच्या आसपास फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम अजून यायचाय. तो हातात पडेपर्यंत ती कुठे आहे हे त्याला कळता कामा नये, असं वकीलबाईंनी आम्हाला बजावून सांगितलं होतं. तो माझ्याकडे येऊन गेला, आईकडे येऊन तमाशा करून गेला, मावशीच्या घरावरूनही चक्कर मारून गेला. पुढच्या दाराचं धुळकट कुलूप बघून परत फिरला. धाकटी मागच्या दाराने ये-जा करते, खिडक्यांना जाड पडदे आहेत, कपडे आतच वाळतात. शेजारच्या आजी सोडल्या तर कोणाला पत्ता नाही. आम्ही एवढं सगळं केलं आणि पाणी विसरलो. मी पाणीखात्यात नोकरी करते आणि पाणीच विसरले! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्यात हा तिचा नवरा जागांचा दलाल. नकाशावर बंद घरांच्या माहितीचा हा वेगळा थर चढला तोच मुळी दलाल संघटनेने अर्ज दिला म्हणून. म्हणजे नकाशा लोकांसाठी उघडा झाला की पहिला तो बघणार. मावशीचं घर त्याला चांगलं ठाऊक, रंग बघितला की दुसऱ्या मिनिटाला गाडीला किल्ली लावणार.

"साहेब, हा थर काढू या," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच माझा.

"का बरं?"

"घराघराचा वापर असा चव्हाट्यावर मांडणं बरोबर नाही."

"अहो, उघडं करा, उघडं करा म्हणून माझं डोकं कोणी खाल्लं? तुम्हीच ना?"

खोटं नव्हतं ते. नकाशा हा माझाच हट्ट. कुठे पाइप फुटून पाणी वाहून जातंय, कुठल्या वस्तीत बायका रिकाम्या नळाखाली बादल्या लावून बसतात आणि कुठे बागा भिजतात, हे लोकांना घरबसल्या दिसलं पाहिजे म्हणून मी साहेबांच्या मागे भुणभुण लावली होती. मिनतवारी करून मंजुरी आणली होती. ते दोन थर आजही नकाशात होते, आणि फार छान झाले होते. पण बंद घरांचं हे लोढणं त्याला नंतर कोणी बांधलं, ते मला आज कळत होतं.

"मी गळतीचं म्हणत होते, साहेब. लोकांच्या मोऱ्यांत डोकावायचं नव्हतं म्हणत."

"त्यात नाव आहे का कोणाचं?" विधी अधिकारी बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "नाही. फोन नंबर? नाही. मग वैयक्तिक राहिलं काय? घर म्हणजे माणूस नव्हे."

"पाणी घर पीत नाही हो बाई, माणूस पितो."

पुन्हा सगळे हसले. मी रडायच्या बेतात होते आणि मी विनोद करतेय असं वाटलं त्यांना. टेबलाच्या टोकाला दलाल संघटनेचे सचिव बसले होते. माहिती वापरणाऱ्यांचा माणूस बैठकीला हवा, म्हणून खास बोलावलेले. माणूस गुळगुळीत, बोलणं साखरेत घोळलेलं.

"मॅडम, डेटा लोकांचा आहे," ते म्हणाले. "लोकांना द्यायला तुमच्या जिवावर का येतंय?"

हे वाक्य माझंच होतं. मागच्या बैठकीत टेबलावर हात आपटून मीच म्हटलं होतं, आणि हेच सचिव तेव्हा मान डोलवत होते.

साहेबांचं मात्र साधं गणित. ज्या माहितीसाठी लेखी मागणी येईल ती द्यायची, ज्याला लेखी हरकत येईल तिचा विचार करायचा. मागणी दलालांची आली होती, हरकत कोणाचीच नव्हती. बंद घरात जीव मुठीत धरून राहणाऱ्यांची काही संघटना नसते अर्ज द्यायला. पण हे तोंडावर म्हणायचं म्हणजे पुढचा प्रश्न ठरलेला, की तुम्हाला कसं माहीत? जेवणानंतर अंतिम मंजुरी आणि मग मंत्रीसाहेब येऊन बटण दाबणार, असं ठरून बैठक उठली.

सगळे जेवायला गेले. मी झूमला जिन्यात गाठलं.

"एक घर काढून टाकता येईल?"

"कोणाचं?"

"विचारू नकोस."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि खरंच विचारलं नाही. माणूस चांगला आहे. डबा तसाच ठेवून तो जागेवर आला, मी पत्ता सांगितला, त्याने ते घर पुसलं. आणि गल्लीत पांढरं भोक पडलं. दोन्ही बाजूंना निळी घरं आणि मध्ये दात पडल्यासारखी जागा. आंधळ्यालाही दिसली असती.

"राखाडी करू?" तो म्हणाला. "वापर शून्य टाकतो."

"राखाडी म्हणजे रिकामं. उद्या सगळे दलाल जागा बघायला दारात उभे राहतील, खिडक्यांतून डोकावतील."

"मग निळं करतो. बाकीच्या गल्लीसारखं."

"निळं म्हणजे कोणीतरी राहतंय! ज्याला ते घर बंद असल्याचं माहीत आहे, त्याला आणखी काय सांगायचं राहिलं?"

झूमने हात वर केले. "मॅडम, माझ्याकडे तीनच रंग आहेत."

त्याने सवयीने नकाशा लहान केला, आणि सगळं शहर समोर आलं. नारिंगी ठिपके कुठे नव्हते? स्टेशनामागे होते, टेकडीवर होते, आमच्या ऑफिसला लागून होते. त्यांतले बरेचसे सवलत लाटणारे असणार, मला काय माहीत नाही? पण एखादी पोरगी घरातून पळून आलेली असेल. कोणी म्हातारा मुलांच्या तावडीतून सुटून आलेला असेल. त्यांची बहीण पाणीखात्यात नाही. मी आपली माझं एक घर पुसायला निघाले होते. लाज वाटली मला, खरंच सांगते. पण भीती त्याहून मोठी होती.

"होतं तसं करून ठेव," मी झूमला म्हणाले.

जेवण झाल्यावर साहेब ढेकर देत येऊन बसले. बाहेर फुलांचे गुच्छ आले होते, खुर्च्या लागत होत्या.

"चला, कोणाची हरकत नाही ना? मग मंजूर."

"माझी आहे."

"आता काय हो मॅडम!"

"त्यातल्या एका नारिंगी ठिपक्यात माझी बहीण राहते," मी म्हणाले. "नवऱ्याने हात मोडलाय तिचा. तो तिला शोधतोय. तुम्ही बटण दाबलंत की त्याला ती सापडेल. आणि असे ठिपके सगळ्या शहरभर आहेत, साहेब. तुम्ही शपथेवर सांगा की बाकी सगळे चोर आहेत, मी आत्ता गप्प बसते."

कोणी हसलं नाही. विधी अधिकारी बाईंचा चेहरा पार उतरला. त्यांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, मी याला मान्यता देऊ शकत नाही. मघाशी मी चुकले." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग झूमला म्हणाले, "बंद घरांचा थर काढा. गळतीचे ठेवा. मंत्रीसाहेबांना मी सांगतो काय ते." आणि माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "अहो, सकाळीच बोलायचं नाही का?"

मला इतकं हायसं वाटलं की मी मूर्खासारखी हसले. आणि तेव्हा माझं लक्ष सचिवांकडे गेलं. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. बैठकीबाहेरही कुठेतरी बघितलंय हिला, असं. कुठेतरी कशाला, मलाही आत्ता आठवलं, धाकटीच्या लग्नात ते पहिल्या पंगतीत जेवले होते. त्यांच्या संघटनेतलाच पोरगा ना नवरदेव! त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटलेलं मला दिसलं. ते उठले, "एक फोन करून आलो," म्हणाले आणि बाहेर गेले.

बंद घरांचा थर थांबला होता. पण ती एका बंद घरात आहे, हे मी माझ्या तोंडाने सांगून बसले होते. आमच्या नात्यात बंद घर एकच.

मी पर्स उचलली आणि पळत सुटले. मागून टाळ्या ऐकू आल्या, मंत्रीसाहेब आले असावेत. स्कूटर सुरू होता होईना. रस्त्यात प्रत्येक सिग्नलला मी शिव्या घातल्या, एका रिक्षावाल्याने मलाही घातल्या.

धाकटी मोरीत कपडे धूत होती. मी शिरले आणि आधी नळ बंद केला. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

"आवर. आत्ताच्या आत्ता निघायचंय."

ती पांढरी पडली. "त्याला कळलं?"

"एव्हाना कळलं असेल." मी भराभर सगळं सांगितलं. रंग, ठिपके, सचिव, सगळं. ती ओल्या हातांनी ऐकत उभी राहिली.

"म्हणजे ते ठिपके बाहेर गेले नाहीत?"

"नाही. थांबवले मी."

"मग तूच सांगितलंस त्यांना."

"तुझ्यासाठीच बोलले गं! नाहीतर..."

"एक फोन करायचास ताई. एक. मी दुसरीकडे गेले असते. नाहीतर म्हटलं असतं, खुशाल सांग सगळ्यांना. पण मला विचारायचंस तरी!" तिचा आवाज फाटला. "काय घालायचं, कोणाशी बोलायचं, कुठे जायचं, सगळं तो ठरवायचा. आता मी कुठे राहते ते कोणाला सांगायचं, हे तू ठरवलंस."

असं कोणी मला आजवर बोललं नव्हतं. मी फटकळ आहे, कोणालाही परतून बोलते. पण तेव्हा खाली बसून मी तिचे कपडे पिशवीत कोंबायला लागले, ओले कपडेसुद्धा. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही वेळ नव्हता.

ती आत गेली, औषधं आणि कोर्टाचे कागद घेऊन आली. मागच्या दाराला कुलूप लावलं. आम्ही बोळातून स्कूटरपाशी येतोय तोच माझा फोन वाजला. त्याचंच नाव.

मी फोन बंद करायला गेले.

"दे इकडे," धाकटी म्हणाली.

"नको गं, वकीलबाईंनी सांगितलंय..."

"दे म्हणते ना."

तिने फोन घेतला. दुखऱ्या हातानेच धरला, बोटं नीट वळत नव्हती. पलीकडून तो तावातावाने बोलत होता, मला इथवर ऐकू येत होतं. तिने त्याला बोलू दिलं. घर सोडल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तो दम घ्यायला थांबला, तेव्हा ती म्हणाली, "मीच बोलतेय. हो, मावशीच्याच घरी होते. आता तिथे कोणी नाही. मी कुठे चाललेय ते मी तुला सांगणार नाही."

फोन बंद करून तिने माझ्या हातात दिला. घामाने भिजला होता तो. बाहेर रस्त्यावर एक गाडी करकचून थांबली आणि आम्ही दोघी दचकलो. दूधवाला होता.

"वकीलबाईंकडे जायचं का? का आईकडे? माझ्याकडे तर तो..." मी सुरू झाले.

"ताई, तू गाडी चालव," ती मागे बसत म्हणाली. "कुठे जायचं ते मी सांगते."

मी गाडी सुरू केली. बोळाच्या तोंडाशी आल्यावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डावीकडे," ती म्हणाली. मी डावीकडे वळले.