बुडबुडा येईना

नवव्या दिवशी सकाळीही बरणीत काही हालचाल दिसेना, तेव्हा ताईंच्या डोक्यात तिडीक गेली.

वीस लिटरची काचेची बरणी मागच्या खोलीत फळीवर ठेवलेली होती. बुचात वाकडी नळी आणि नळीत दोन चमचे पाणी. आतला द्राक्षाचा रस आंबायला लागला की तयार झालेली हवा या पाण्यातून बुडबुड करत बाहेर पडणार होती. ताई रोज स्टूल ओढून, चष्मा पुसून नळीसमोर बसत होत्या. पाणी ढिम्म.

ताईंची बत्तीस वर्षं इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं धुण्यात, उकळण्यात आणि निर्जंतुक करण्यात गेली होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या चिमट्यावर मोठे डॉक्टरही डोळे झाकून विश्वास ठेवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं, की जे घरी होण्यासारखं आहे ते विकत आणायचं नाही. साबण जमला, मेणबत्त्या जमल्या. मागच्या भिंतीवर द्राक्षाचा वेल होताच, म्हणून त्यांनी वाइनही मनावर घेतली.

गेल्या वर्षीच्या पहिल्या बरणीचं व्हिनेगर झालं. धाकटी बहीण त्याच घरात पुढच्या खोलीत पाव भाजून विकायची. तिने बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "ताई, व्हिनेगर मात्र झकास झालंय हं!" कौतुकच होतं ते, पण ताईंना ते असं झोंबलं, की दोन दिवस त्या तिच्याशी धड बोलल्या नाहीत.

म्हणून यंदा त्यांनी कंबर कसली. बरणी तीनदा उकळत्या पाण्याने धुतली. नळी, बूच, गाळणं, पळी, सगळं वाफेवर धरलं. धाकटीला त्या खोलीतच काय, मागच्या अंगणातही पाऊल टाकायची बंदी. तरीही काही होईना. उकडतंय म्हणून बरणी सावलीत नेली, गारठा लागतोय म्हणून तिला जुनी शाल गुंडाळली, साखर कमी पडली असेल म्हणून मूठभर वाढवली. नाही म्हणजे नाहीच.

"मी बघू का?" दारातूनच धाकटीने विचारलं. कोपरापर्यंत पीठ.

"त्या हातांनी? मुळीच नाही."

"बरं, हात लावत नाही. नुसतं सांग, काय काय घातलंस?"

ताईंनी पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. रस, साखर, जंतू मारायची गंधकाची पावडर, मग लगेच यीस्ट.

"पावडर किती?"

"पुडीवर चिमूटभर लिहिलं होतं. चिमटीने काय होतंय? मी चमचा भरून घातली."

धाकटी कपाळाला हात लावायला गेली आणि कपाळभर पीठ करून बसली. "अगं ताई, यीस्ट म्हणजे जिवंत वस्तू! मी कणीक भिजवताना पाणी जरा जास्त कढत झालं तरी जीव सोडतं ते. तू तर त्याला विषच पाजलंस."

"बत्तीस वर्षं मी हेच केलं, म्हणून माणसं घरी गेली चालत!"

"गेली ना. पण बरणीत पेशंट नाहीये."

ताईंनी दार आपटलं. खरी चीड धाकटीवर नव्हती. इतकी काळजी घेतली, इतकं निगुतीने केलं आणि त्या काळजीनेच घात केला, हे पचत नव्हतं. चूक हलगर्जीपणाने झाली असती तर एक वेळ चाललं असतं.

दुपारी त्यांनीच गुपचूप धाकटीचं दार वाजवलं. "आता काय करू?"

धाकटीने उगाच ताणलं नाही. दोघींनी मिळून रस दोन बादल्यांत वरून खाली, वरून खाली ओतला, गंधकाचा वास उडेपर्यंत. हात भरून आले. दोन दिवस बादल्या नुसत्या फडक्याखाली ठेवल्या. "उघड्यावर?" ताई दर तासाला फडकं तपासत होत्या. मग वाटीभर कोमट रसात नवं यीस्ट भिजवलं, त्याला फेस धरल्यावरच ते रसात मिसळलं आणि बरणी पुन्हा भरली.

पुढचे दोन दिवस ताई स्टुलावरून हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं, कपडे वाळत घालायला बाहेर गेल्या. तेवढ्यात आतून धाकटी ओरडली, "ताई, आला! बुडबुडा आला!"

ताई ओला टॉवेल तसाच घेऊन धावल्या. "तू कशाला गेलीस आत?"

"अगं, आला ना पण!"

"पहिला मला बघायचा होता!" इतके दिवस डोळ्यांत तेल घालून बसलं कोण आणि बघितला कोणी! तेवढ्यात दुसरा आला, मग तिसरा. ताईंनी ते पाहिले, पण चेहरा काही सैल झाला नाही.

पाच महिन्यांनी पहिली बाटली उघडली. रंग सुरेख होता. ताईंनी घोट घेतला आणि त्यांचे दोन्ही डोळे मिटले.

धाकटीने घोट तोंडात घोळवला. "बरी आहे."

"बरी म्हणजे?"

"बरी म्हणजे बरी. आंबट आहे. घाई करून द्राक्षं कच्ची काढलीस तू."

"तेव्हा बोलली नाहीस!"

"तेव्हा तू मागच्या अंगणात तरी येऊ देत होतीस का?"

ताईंनी ग्लास रिकामा केला, तोंड वाकडं केलं आणि तो पुढे सरकवला.

"ओत आणखी," त्या म्हणाल्या. "टाकून थोडीच द्यायचीये."