उजव्या खांद्यावरची सावली

एक्स-रेच्या खोलीत सुमनबाई दिवसातून तीस-चाळीस वेळा तेच बोलत. गळ्यातलं काढा, वेणी वर बांधा, छाती पाटीला टेकवा, श्वास घ्या, धरून ठेवा. बी.एस्सी. झाल्यावर पुण्याला एक्स-रेचा कोर्स करून त्या नाशिकच्या या दवाखान्यात लागल्या, त्याला आता, ब्याऐंशी साली, अकरा वर्षं होत आली होती. झोपेतसुद्धा त्यांनी ती वाक्यं ओळीने म्हटली असती. मालनबाईच्या वेळी मात्र त्या एक वाक्य गाळत.

मालनबाई एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत राहायची. नवरा मल्हारी तिथेच कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. अडीच वर्षांपूर्वी तिच्या मानेत गाठी आल्या, आणि छातीच्या फोटोत दोन फुप्फुसांच्या मधोमध मुठीएवढी सावली निघाली. तो फोटो सुमनबाईंनीच काढला होता. मग मुंबई, सहा महिने इंजेक्शनं आणि गोळ्या. उलट्यांनी ती निम्मी झाली, केस मुळापासून गेले. पण दर फोटोत सावली लहान होत गेली आणि शेवटी दिसेनाशी झाली. औषधं थांबून आता पावणेदोन वर्षं झाली होती. दर तीन महिन्यांनी नाशिकला फोटो काढायचा, मुंबईला कळवायचं, एवढंच उरलं होतं.

केस गेले तेव्हापासून ती डोक्यावरून खांद्यांपर्यंत सुती पंचा घेऊन यायची. दवाखान्याचा झगा घातल्यावरही पंचा तसाच. सुती कापड फिल्मवर उमटत नाही, म्हणून सुमनबाई तो काढायला लावत नसत. आणि वेणीचा शब्द तर तिच्यापुढे त्या चुकूनही काढत नसत.

त्या सोमवारीही काढला नाही.

"काल भाचीची हळद होती, ताई," मालनबाई पाटीला छाती टेकवत म्हणाली. "लय नाचले. पाय बघा कसे सुजलेत."

"श्वास घ्या. धरून ठेवा. हं, सोडा."

काळोख्या खोलीत धुऊन काढलेली ओली फिल्म सुमनबाईंनी दिव्याच्या पेटीवर लावली. मधला भाग स्वच्छ होता. पण उजव्या फुप्फुसाच्या टोकावर, खांद्याकडे, दोन बोटं रुंद, पांढुरकी सावली होती. तीन महिन्यांपूर्वीच्या फिल्मवर तिथे काहीही नव्हतं.

डॉक्टर दाराशी आले आणि त्यांनी जुनी फिल्म शेजारी लावायला लावली.

"परत आलेलं दिसतंय. मी मुंबईची चिठ्ठी लिहितो. ओपीडी आटोपली की वाळलेली फिल्म आणा, मग तिच्या नवऱ्याशी बोलू."

बाहेर बाकावर मालनबाई एकटीच बसली होती. मल्हारी चहा आणायला गेला होता. सुमनबाईंचा चेहरा बघून तिने पंचा घट्ट ओढला.

"कायतरी हाय ना?"

"डॉक्टर सांगतील. फिल्म अजून ओली आहे."

"ताई, तुम्ही खोटं नाय बोलत, म्हणून विचारते." तिचा आवाज एकदम खाली गेला. "परत ती औषधं नाय घ्यायची मी. मागं ह्यांना सांगितलं नाय, पण चौथ्या इंजेक्शनाला खिडकी बघून ठेवली होती मी. दुसऱ्यांदा नाय जमणार."

सुमनबाई आत गेल्या. फिल्म बऱ्यापैकी वाळली होती. आता घाई करायची नाही, असं स्वतःला बजावत त्यांनी ती पुन्हा दिव्यावर लावली आणि भिंग घेतलं. सावलीच्या खालच्या कडेपासून त्या हळूहळू वर सरकल्या. सावली फुप्फुसाच्या टोकावर संपत नव्हती. गळ्याच्या हाडावरून ती आणखी वर गेली होती, आणि तिथे मानेच्या कडेची रेघ ओलांडून बाहेर आली होती. त्या रेघेच्या बाहेर शरीर नसतं, नुसती हवा असते. आणि भिंगातून सावलीत बारीक बारीक रेषा दिसत होत्या, एकमेकींवरून तिरक्या जाणाऱ्या.

माणसाचा आजार कातडीच्या बाहेर कसा जाईल?

त्यांनी दार उघडलं. "मालनबाई, जरा आत या. आणि हा पंचा काढा."

"पंचा कशाला?"

"काढा हो!"

मालनबाईने बिचकत पंचा सोडला. उजव्या खांद्यामागे तेल लावून चापून घातलेली, दोन बोटं जाड, काळ्या गोंड्याची आखूड वेणी लोंबत होती.

सुमनबाईंनी ती हातात उचलून बघितली.

"माझी नाय ती," मालनबाई ओशाळून म्हणाली. "जावेचं गंगावन हाय, कुसाबाईचं. माझे केस मानेपर्यंतच आलेत, त्यालाच गुंफलं. हळदीत चारचौघींसारखं दिसावं म्हणून. रातच्याला सोडायचा कंटाळा केला. चुकलं का काही?"

"चुकलं ते माझं. सगळ्यांना सांगते, तुम्हालाच सांगायचं टाळलं." त्यांनी उरलेले केस वर लावायला पिना पुढे केल्या. "सोडा ते आणि उभ्या राहा. श्वास घ्या. धरून ठेवा."

दुसरी फिल्म धुताना वेळ सरता सरेना. दिव्यावर लावली तेव्हा उजवं फुप्फुस टोकापर्यंत काळंभोर, स्वच्छ होतं. डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा पाहिल्या, चष्मा काढून पुन्हा पाहिल्या. मग ते इतक्या मोठ्याने हसले की ओपीडीतली माणसं वळून बघू लागली. चिठ्ठीचे चार तुकडे त्यांनी टोपलीत टाकले आणि मालनबाईला स्वतःच सांगितलं, "काही नाही. एकदम स्वच्छ."

भिंतीला हात लावून तिने एक लांब श्वास सोडला.

मल्हारी चहाची किटली घेऊन आला. "दोन-दोन फोटू का काढले?"

"माझा लय चांगला येतो म्हणून," मालनबाई म्हणाली, आणि पंच्याने डोळे पुसत हसायला लागली. तो गोंधळून सुमनबाईंकडे बघत राहिला.

"तीन महिन्यांनी याल तेव्हा वेणी वर बांधून या," सुमनबाई म्हणाल्या.

"माझी, का कुसाबाईची?"

गंगावन पंच्यात गुंडाळून तिने काखेत मारलं आणि ती तशीच, उघड्या डोक्याने, पायऱ्या उतरली. मानेपर्यंत आलेले तिचे केस दाट होते, आणि पूर्वी नव्हते असे कुरळे.