गालगुंड आणि गणिताची चाचणी

पंच्याऐंशी साली, मी सहावीत असताना, गणिताच्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मला गालगुंड झालं. दोन्ही बाजूंना. अर्धवट काम मला जमत नाही.

आधीच्या दोन चाचण्यांत मी पंचवीसपैकी सहा आणि सात आणले होते, म्हणजे प्रगती होती. पण दामलेबाईंना इतकी सावकाश प्रगती चालत नसे. तिसऱ्या चाचणीत नापास झाले तर पुन्हा सहावी, असं त्यांनी बाबांना तीन चिठ्ठ्यांतून कळवलं होतं. 'पालकांनी भेटून जावे' हे वाक्य तिन्हींत होतं. बाबा चिठ्ठी वाचायचे, घडी घालून गणपतीच्या फोटोमागे ठेवायचे आणि अंधेरीला कारखान्यात कामाला जायचे.

माझे बाबा, सहदेव पेडणेकर, आधी परळच्या गिरणीत बदली कामगार होते. कुणी कामावर आला नाही की त्याच्या जागी उभं राहायचं, हे अकरा वर्षं केलं. संपात गिरणी सुटली, सवय राहिली.

"उद्या गैरहजर म्हणजे शून्य," मी उशीत तोंड खुपसून म्हटलं. "वाट लागली."

"शून्य कित्याक?" बाबा म्हणाले. "तुझो खाडो पडाक देवचंय नाय मी. तुझ्या जाग्यार मी जातंय."

"ओ, ताप तिका इलो की तुमका?" आई म्हणाली. "ती शाळा आसा!"

"मगे? थंय हजेरी घेनत नाय?"

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आणि माझी कंपासपेटी घेऊन बाबा कांजूरमार्गच्या आमच्या शाळेत हजर झाले. पुढचं मला सुलक्षणाने सांगितलं. ती माझ्या शेजारी बसायची आणि खोटं बोलण्याइतकी कल्पनाशक्ती तिच्यात नव्हती.

"अनुपमा पेडणेकर?" बाईंनी हजेरी घेतली.

"हजर," बाबा दारातून म्हणाले. "म्हणजे ती आजारी आहे. मी तिचा बदली."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. बाबा तिथेच होते.

"तुम्ही वडील ना तिचे? तीन चिठ्ठ्या पाठवल्या मी!"

"मिळाल्या. नीट ठेवल्यात."

"मग आला का नाहीत?"

"बाई, मी चौथी शिकलेला," बाबा खाली बघत म्हणाले. "तुम्ही काही विचारलंत तर?"

बाईंनी एक प्रश्नपत्रिका त्यांच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "बसा. पंचेचाळीस मिनिटं आहेत. बोलायचं नाही."

बाकात गुडघे मावेनात, म्हणून बाबा तिरके बसले. एकदा सुलक्षणाच्या पेपरात डोकावले, तर तिने हाताने झाकला. वयाचा मान वगैरे तिला माहीत नव्हता.

दुपारी बाबा पेपर घेऊन आले. पंचवीसपैकी चार. खाली लाल शाईत लिहिलं होतं: 'अनुपमाची चाचणी ती बरी झाल्यावर घेईन. तोवर दोघांनी रोज तासभर अपूर्णांक करावेत. या पेपरावर पालकाची सही आणावी.'

"चार?" जबडा दुखत असूनही मी ओरडले. "मी सात आणले होते, बाबा!"

"म्हणान तर तुझ्याकडे इलंय." बाबा वही उघडून बसले. "हो खालचो आकडो सारखो कित्याक करूक लागता, सांग."

मला माहीत नव्हतं. पण चार मार्कांचा माणूस एवढ्या आशेने बघत असताना तसं सांगता येत नाही. मी आईकडून दोन भाकऱ्या मागून घेतल्या. एकीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार, मग दोन्हींचे बारा-बारा. आधी बाबांना कळलं, मग मला. दहा दिवस हेच चाललं. मला चावता येत नव्हतं, त्यामुळे सगळे अपूर्णांक बाबांनीच खाल्ले.

अकराव्या दिवशी मी चाचणी दिली. बाबा बाकावर माझ्या शेजारी तिरके बसून होते. सतरा आले. बाईंनी दोनदा बेरीज केली.

"आणि तुमचा पेपर?" त्यांनी बाबांना विचारलं. "सही आणलीत?"

बाबांनी खिशातून घडी काढून पुढे केली. पालकाच्या जागी माझी सही होती आणि तिच्यापुढे कंसात लिहिलं होतं: बदली.