कोरडं आधी, ओलं नंतर

बावीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला सिमेंट सोसेनासं झालं, यावर त्याच्या बरोबरीच्या लोकांचा आधी विश्वासच बसला नाही. साइटवर सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. दोरीला बांधलेलं ते वजन भिंतीवरून खाली सोडून भिंत सरळ आहे की नाही हे तो दहा-दहा वेळा बघायचा, आणि केसभर फरक दिसला तरी काम पाडायला लावायचा, म्हणून हे नाव पडलं होतं. त्याच ओळंब्याच्या बोटांना आधी खाज सुटली, मग पेरांवर चिरा पडल्या, मग तळहाताची कातडी पापुद्र्यांनी निघायला लागली. एके दिवशी थापी मुठीत धरवेना, तेव्हा ती धुऊन-पुसून पिशवीत ठेवून तो घरी आला तो आलाच.

बायकोने मग औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायच्या कारखान्यात नोकरी धरली. सकाळी साडेसहाला निघायची, पाचला परतायची. घरात नऊ वर्षांची मुलगी आणि ओळंब्याची आई. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसून राज्य करायची. भांडी आणि कपडे करायला एक मावशी येत, त्यामुळे निभत होतं. पण मावशींच्या लेकीला बाळ झालं आणि त्या दुसऱ्या गावी गेल्या. नवीन कुणी मिळेना. इमारतीत चाळीस घरं आणि कामाला येणाऱ्या दोघी. त्या दोघींना श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

"मी आहे की," ओळंबा म्हणाला. "नाहीतरी दिवसभर हातावर हात धरून बसलेलाच असतो."

"त्याच हातांची काळजी वाटते मला," बायको म्हणाली.

"अगं, विटा उचलल्यात या हातांनी. चार भांड्यांचं काय घेऊन बसलीस!"

चार भांड्यांनी तिसऱ्याच दिवशी त्याला हिसका दाखवला. साबणाची पावडर चिरांमध्ये शिरली की मिरची चोळल्यासारखी आग व्हायची. टोमॅटो चिरला की डोळ्यांत पाणी. कपडे पिळताना अंगठ्याजवळची चीर उघडायची. त्याने दुकानातून कोपरापर्यंत येणारे पिवळे रबरी हातमोजे आणले आणि मोठ्या हुशारीने ते घालून कामाला लागला. आठवडाभरात हात बरे व्हायचे तर राहिलेच, उलट लाली मनगटाच्या वर चढत गेली आणि जिथे मोज्याची कड संपत होती तिथे आखून दिल्यासारखी थांबली.

हे तो कुणाला सांगेना. उकडत असूनही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हिंडायचा. आई खुर्चीतून म्हणायची, "अरे, बाह्या तरी वर कर, भिजतायत." तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

बिंग फुटलं ते मुलीच्या शाळेच्या शर्टामुळे. त्याने इस्त्री करून ठेवलेला पांढरा शर्ट सकाळी बायकोने उचलला, तर कॉलरवर तपकिरी ठिपके.

"हे कसलं?"

"गंज असेल. इस्त्री जुनी आहे."

तिने त्याचा हात धरला आणि बाही वर सरकवली.  मग डबा पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला.

"आज कारखान्यात सांगून येते. नाही जमत म्हणते. घर मी बघीन."

"नोकरी सोडायची नाही," ओळंबा म्हणाला.

"मग काय तुमचे हात सोलून निघायची वाट बघू?"

"तुला त्या मशीनवर बसायला लागून तीन महिने झाले नाहीत, आणि तुझ्या हाताखाली दोन पोरी दिल्यात. घरी आलीस की त्याच गोष्टी सांगतेस. चेहरा बघ एकदा आरशात सांगताना." तो थांबला. "माझं काम गेलं, तुझंही मीच घालवलं असं नको व्हायला."

"मग डॉक्टरकडे चला. कातडीच्या. नुसतं औषधाच्या दुकानातून मलम आणून फासायचं नाही."

"जातो."

"आज."

"आज जातो म्हटलं ना!"

तिने डबा परत पिशवीत टाकला. दारातून मागे वळून म्हणाली, "आई, गेले नाहीत तर मला फोन करा."

"मी घालवते त्याला," आई म्हणाली. "उठून काठी घ्यायला मला अजून जमतं."

त्वचेच्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी हात उलटसुलट करून बघितले, मनगटावरच्या त्या सरळ रेषेशी थांबल्या आणि विचारलं, "हातमोजे कसले वापरता?"

"रबराचे. चांगले जाड."

"हं," एवढंच म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर छोट्या छोट्या टिकल्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक टिकलीत वेगळा पदार्थ. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या, दोन दिवसांनी पाठ पुन्हा तपासली. तीन जागा लाल होऊन फुगल्या होत्या.

"ही पहिली सिमेंटमधल्या क्रोमची. ही अपेक्षा होतीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही दुसरी सुगंधाची. साबणात, पावडरमध्ये जो वास घालतात ना, तो. आणि ही तिसरी रबर तयार करताना घालतात त्या रसायनांची."

ओळंबा बघतच राहिला. "म्हणजे मी हात वाचवायला जे घालत होतो..."

"तेच तुम्हाला खात होतं."

त्याला हसूही आलं आणि रागही. "मग बरं कधी होणार?"

"भरून येईल. पण सिमेंट आता कायमचं बंद, हे मी स्पष्ट सांगते. कातडीला एकदा कळलं की ती विसरत नाही. बाकीचं तुमच्या हातात आहे." त्यांनी लिहून दिलं. मलम इतकेच दिवस. रबर नाही, प्लास्टिकचे म्हणजे विनाइलचे मोजे, आत सुती मोजे, घाम आला की बदलायचे. बिनवासाचा साबण. पाणी कोमट. हात पुसले की लगेच साधं व्हॅसलीन. "आणि दिवसातून पंचवीस वेळा हात ओले करू नका. ओलं काम एकदाच, सलग, थोडक्यात."

कायमचं बंद हे दोन शब्द घेऊन तो पायी घरी आला. रस्त्यात एका इमारतीला गिलावा चालला होता. सिमेंटच्या ओल्या मालाचा वास आला तसा तो पलीकडच्या फुटपाथवर गेला. घरी येऊन आईशी बोलला नाही, जेवला नाही. मग मुलगी शाळेतून आली, तिला खायला द्यायचं होतं, म्हणून उठला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याने कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून भिंतीवर लावलं आणि साइटवर लावायचा तशी दिवसाची कामं लावली. बांधकामावर कुणी मनाला येईल तसं पाणी ओतत नाही. आधी कोरडं, मग ओलं. केर, धूळ, कपड्यांच्या घड्या, अंथरुणं, सगळं कोरडं सकाळी. ताटं आधी कागदाने पुसून घ्यायची, तव्याचं तूप-तेल पिठाच्या चिमटीने टिपायचं, म्हणजे घासायला उरतंच किती! लांब दांड्याचा ब्रश. पायाने दाबून पिळायचं पोतेरं. दुपारी तीनला दोन जोड मोजे चढवून अर्धा तास ओलं काम, घड्याळ लावून. घड्याळ वाजलं की हात बाहेर.

आठ दिवस त्याने हे काटेकोर केलं आणि तरी त्याच्या नाकी नऊ आले. अर्ध्या तासात सगळं मावेना. मोजे घालून टोमॅटो चिरता येईना, पीठ मळता येईना. मुलगी पाणी पिऊन पेला ठेवायची, आईचा कप यायचा, आणि तीनच्या आधीच सिंक भरून वाहायचं. एकदा घाईत त्याने नुसत्याच हातांनी कप विसळला.

"ठेव तो!" खुर्चीतून आवाज आला.

"एक कप तर आहे, आई."

"तुझे एक-एक कप मी मोजतेय सकाळपासून. पाचवा आहे हा." आईने चष्मा काढला. "मला एक सांग, या घरात मला आजारी कुणी ठरवलं?"

"अगं, तुझे गुडघे..."

"गुडघे गेलेत. हात आहेत ना माझे!" तिने दोन्ही हात पुढे केले. सुरकुतलेले, पण कुठे एक ओरखडा नाही. "सत्तर वर्षं साबणात घातलेत, काही झालं नाही यांना. तुम्ही दोघांनी मला खुर्चीत बसवलंत, हातात रिमोट दिलात, आणि मी इथून तुझे हाल बघते. कुणी विचारलं का, की आई, टोमॅटो चिरशील का?"

ओळंब्याने हातातला कप खाली ठेवला. खरंच कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून टोमॅटो, लिंबं, कांदे आणि पीठ आईच्या मांडीवरच्या परातीत गेलं. भांडीही तिला हवी होती, पण सिंकपाशी उभं राहणं तिला शक्य नव्हतं, आणि टबात घासायला बसवली तर स्वयंपाकघराचं तळं व्हायचं. माय-लेकांची त्यावरून रोज जुंपायची.

"पाणी जपून टाक!"

"तू मला भांडी घासायला शिकवू नकोस!"

शेवटी त्याने लंब्याला बोलावलं. लंब्या म्हणजे त्याच्याच हाताखाली तयार झालेला गवंडी, आता स्वतः कामं घेणारा. ओळंब्याने त्याला बाल्कनीचा कोपरा दाखवला. "इथे मोरी बांधायची. खुर्चीत बसून हात पोचतील एवढ्या उंचीची. खाली पाय घालायला जागा. नळ डावीकडे."

रविवारी लंब्या थापी-घमेलं घेऊन आला. माल कालवायला लागला तसा ओळंबा दारापर्यंत मागे सरला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. बायकोने बघितलं, मागे त्याची बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली होती.

"डावीकडे उतार कमी पडतोय," तो म्हणाला.

"मिस्त्री, बरोबर आहे उतार."

"पाणी टाकून बघ."

लंब्याने तांब्याभर पाणी टाकलं. पाणी कोपऱ्यात थबकलं. लंब्याने मुकाट्याने तो थर काढला.

"अजून तेवढीच नजर आहे," तो पुटपुटला. मग मान वर न करता म्हणाला, "मिस्त्री, तुमच्याशिवाय साइटवर मजा नाही. भिंती वाकड्या गेल्या तरी कुणी ओरडत नाही."

"वाकड्या घालू नकोस मग," ओळंबा म्हणाला आणि आत जाऊन चहाचं भांडं गॅसवर ठेवलं. ते ठेवायला त्याला बराच वेळ लागला. बायको आत गेली नाही. तिने मुलीलाही जाऊ दिलं नाही.

मोरी सुकली आणि आईने तिचा ताबा घेतला. आई घासायची, ओळंबा मोजे घालून विसळायचा, मुलगी पुसून लावायची. अर्ध्या तासाचं काम वीस मिनिटांत आटपायला लागलं. कपड्यांसाठी बिनवासाची पावडर शोधायला त्याने सहा दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने विचारलं, "वास नको? लोक तर वासासाठीच घेतात." ओळंबा म्हणाला, "लोकांना घेऊ दे. माझी पिशवी मागवून ठेव."

दोन महिन्यांनी तळहातावर नवी, पातळ, गुलाबी कातडी आली. उजव्या अंगठ्याची चीर मात्र हट्टाने राहिली. थंडीत ती पुन्हा उघडली आणि त्याने पुन्हा मलम सुरू केलं. चिडचिड व्हायची. कधीकधी सकाळी कामाला निघालेल्या माणसांकडे तो खिडकीतून बघत राहायचा, आणि आई मुद्दाम काहीतरी मागायची. पण तीन वाजले की कॅलेंडरच्या पानाप्रमाणे काम व्हायचं, एकही दिवस चुकला नाही.

मग कारखान्याने बायकोला नव्या मशीनचं काम शिकायला दहा दिवस बाहेरगावी पाठवायचं ठरवलं. तिने घरी येऊन सांगितलं ते "नाही म्हणून आले" असंच.

"का?" ओळंब्याने विचारलं.

"का काय! दहा दिवस..."

"उद्या जाऊन हो म्हण."

"अहो, पण तुमचा अंगठा..."

"अंगठा माझ्याजवळच राहणार आहे. तू जा."

ती गेली. चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला तेव्हा ओळंब्याचे दोन्ही हात मोज्यांत होते. मुलीने फोन त्याच्या कानाला धरला.

"कसं चाललंय?" बायकोने विचारलं.

"बरं चाललंय. तू काय शिकलीस ते सांग."

"सांगते. हात कसे आहेत आधी?"

तो उत्तर देणार इतक्यात मोरीवरून आई ओरडली, "तिला सांग, भांडी लख्ख आहेत! पण हा फरशी ओलीच ठेवतो!"

"ओली नाही, पुसतोय!" तो मागे वळून ओरडला. "तूच पाणी उडवतेस!"

फोनमध्ये बायको खळखळून हसत होती. "चालू द्या तुमचं," ती म्हणाली, "मी मग करते."

"साडेतीननंतर कर," ओळंबा म्हणाला. "आत्ता कामाची वेळ आहे."