हिरवळीचं मॅचिंग

माझ्या नवऱ्याला काहीही निवडता येत नाही. लोकांसमोर मी त्याला अहो-जाहो करते, पण इथे आपलं आपल्यात चाललंय, म्हणून नुसता प्रमोद म्हणते. हॉटेलात गेलो की हा मेन्यूकार्ड पुढून मागे, मागून पुढे वाचतो आणि शेवटी मसाला डोसाच मागवतो. मला बघायला आला तेव्हा पोहे खाल्ले, चहा प्यायला, आणि होकार कळवायला अख्खा पावसाळा घेतला. तोवर माझ्या आईने दुसरी स्थळं बघायला सुरुवात केली होती. मी याच्या अगदी उलट. मी शिवणकाम करते. कापडावर कात्री ठेवून विचार करत बसणाऱ्या बाईच्या हातून ब्लाउज व्हायचा नाही.

तर अशा माणसावर २००७ साली गवत कापायचं मशीन निवडायची वेळ आली.

अंबरनाथच्या ज्या कंपनीत प्रमोद बाग सांभाळायचा ती बंद पडली. कंपनी केमिकलची, वास नाक धरायला लावणारा, पण गेटच्या आतली हिरवळ बघायला येणारेजाणारे थांबायचे. ती हिरवळ प्रमोदची. कंपनी गेली तेव्हा मला पगाराचं दुःख झालं, त्याला हिरवळीचं. माझ्या भावाने, बुद्धभूषणने, त्याच्यासाठी भिवंडीच्या एका गोदामात रखवालदाराची जागा बघितली. पत्र्याच्या शेडखाली खुर्ची टाकून बसायचं, समोर सिमेंटचं अंगण. प्रमोद ‘बरं’ म्हणाला. पण त्या दिवसापासून तो घरात असा वावरायला लागला की मला त्याच्याशी भांडायलासुद्धा जीव होईना.

तेवढ्यात बदलापूरहून बोलावणं आलं. पूर्वेला एक नवं कॉम्प्लेक्स झालं होतं. तीन विंग आणि मधोमध मोठं लॉन. तिथले सेक्रेटरी दौलतराव क्रिकेटचे वेडे.

“मला टीव्हीवरच्या ग्राउंडसारखे पट्टे पायजेत,” ते म्हणाले. “एक गडद, एक फिकट. रविवारी सकाळी करून दाखवा, लगेच कमिटीची मीटिंग आहे. आवडलं तर वर्षाचं काम तुमचं.”

भिवंडीला सोमवारी हजर व्हायचं होतं. म्हणजे काय तो रविवार.

“पट्टे रोलरवाल्या मशीननेच येतात,” प्रमोदने मला समजावलं. “गवत कापलं की मागचा रोलर ते लोळवत जातो. जाताना एकीकडे, येताना दुसरीकडे. गवत तेच, पण एक पट्टा फिकट दिसतो नि एक गडद.”

मला लगेच कळलं. मखमलीच्या ब्लाउजपीसवरून हात फिरवला की तसंच होतं. इकडून उजळ, तिकडून काळपट.

आम्ही उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये वाशूमलच्या दुकानात गेलो. पंप, मोटारी, फवारे आणि कोपऱ्यात गवताची तीन मशीनं. पहिलं लालचुटूक, चकचकीत, खाली पंख्यासारखं गरगरणारं पातं, आणि मागे ‘हा बघा रोलर’ म्हणून लावलेली बारीक दांडी. दुसरं हाताने ढकलायचं, हलकं, त्याला पोकळ प्लास्टिकचा रोलर. तिसरं म्हणजे एक धूड. पुढे गोल फिरणारी पाती, मागे लोखंडी रोलर, रंग सरकारी कपाटाचा. ते उचलायला दोन माणसं लागत होती.

“लाल,” मी म्हटलं. माझं काम संपलं होतं.

प्रमोदने तिन्ही मशीनांना प्रदक्षिणा घातली. वाकून बघितलं. माहितीपत्रकं वाचली, त्यातलं एक चिनी भाषेत होतं तेही वाचलं. वाशूमलने दुसऱ्यांदा चहा मागवला.

“साईं, मशीन ले रहे हो या लड़की देख रहे हो?”

“लड़की देखने में तो पूरी बारिश लगाई थी इन्होंने,” मी म्हटलं.

प्रमोद कसनुसा हसला. “गवतावर चालवल्याशिवाय कसं कळणार?”

“साईं, कॅम्प दोन में घास किधर मिलेगी? इधर तो तुलसी भी डब्बे में उगती है!”

झालं. आता हा म्हणणार, विचार करून सांगतो. आणि रविवार उजाडेल, आणि माझा नवरा गोदामाबाहेर खुर्ची टाकून बसेल. मला एकदम भीती वाटली, आणि मला भीती वाटली म्हणजे माझा आवाज चढतो.

“शेठ, ब्लाउजला अस्तर घ्यायचं तर साडी दुकानात आणतात ना? उद्या आम्ही गवत घेऊन येतो. मॅचिंगला.”

दुसऱ्या दिवशी बदलापूरच्या नर्सरीतून आम्ही लॉनचे तुकडे घेतले. मातीसकट कापलेले, चटईसारखे, दौलतरावांच्या कॉम्प्लेक्समध्ये आहे त्याच जातीचं गवत. पोत्यांत गुंडाळून रिक्षात चढवले. रिक्षावाल्याने एकदा पोत्यांकडे, एकदा आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, “म्हैस मागून येतेय का?”

वाशूमलच्या दारात फुटपाथवर आम्ही ते तुकडे जोडून अंथरले. सरकू नयेत म्हणून एका कडेवर मी उभी राहिले, दुसऱ्या कडेवर वाशूमल स्वतः, बूट काढून. बघता बघता ही गर्दी जमली. कॅम्प दोनच्या फुटपाथवर हिरवळ, म्हणजे तमाशाच.

आधी माझं लाल मशीन. प्रमोदने दोरी ओढली, ते गुरगुरलं आणि गवताबरोबर माती खेचून त्याने जी उडवली ती थेट शेजारच्या दुकानात टांगलेल्या पांढऱ्या कुर्त्यांवर. शेजारचा दुकानदार ओरडत बाहेर आला. मीही पदर खोचून तयार झाले. चूक आमची होती, पण म्हणून गप्प बसायचं असं मला कोणी शिकवलेलं नाही. वाशूमल मध्ये पडला आणि कुर्ते झटकून देण्यावर मिटलं. दुसरं मशीन गवतावरून असं गेलं की गवताला पत्ताच नाही.

मग ते धूड. प्रमोद आणि एक हमाल यांनी ते उचलून मांडलं. खट्‌खट्‌खट्‌ करत ते एकदा गेलं. प्रमोदने वळवलं, शेजारून परत आलं. गर्दी पुढे वाकली. तेवढ्याशा तुकड्यावर दोन पट्टे उमटले होते, एक उजळ, एक गडद. कुर्तेवाला भांडण विसरून खाली बसला आणि त्याने हात फिरवला.

“अरे, ये तो वेल्वेट है!”

“हेच,” प्रमोद म्हणाला. आमच्या संसारात इतक्या झटपट काही ठरल्याचं मला आठवत नाही. कंपनीने निघताना जे हातावर ठेवलं होतं, ते त्या लोखंडात गेलं.

रविवारी घरात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि टेम्पोतून मशीन घेऊन बदलापूर गाठलं. प्रमोदने ए विंगपासून समोरच्या बी विंगपर्यंत एकेक पट्टा ओढायला घेतला. मी कडेला उभी राहून बघत होते. कंपनीच्या हिरवळीवर चालायचा तसाच तो चालत होता, मान किंचित वाकडी करून. किती दिवसांनी तो मला माझा नवरा वाटला.

काम झालं. दौलतराव ए विंगच्या गॅलरीतून ओरडले, “वा! लॉर्ड्स!” बी विंगमधूनही टाळ्या आल्या. आणि मग बाजूच्या सी विंगमधून वेणूबाईंचा आवाज आला. बाई तिथल्याच, ज्या शेतावर कॉम्प्लेक्स झालं ते त्यांच्या सासऱ्यांचं.

“टाळ्या कसल्या पिटताव? आमचे बाजूला पट्टाच नाय!”

खरं होतं. सी विंगमधून पट्टे आडवे पडत होते. त्या बाजूने बघितलं की नुसतं गवत. पाच मिनिटांत अख्खी सी विंग खाली उतरली.

“पाणी येतं तेही आधी ए विंगला, आता पट्टेपण?”

“मेंटेनन्स आम्हीपण भरतो. यापुढे पट्ट्यापट्ट्याने भरू का?”

दौलतराव गडबडीने खाली आले. त्यांनी समजावलं, हात जोडले, कोणी ऐकेना. शेवटी कपाळ पुसत ते प्रमोदला म्हणाले, “जाऊ द्या हो. पट्टेच नकोत. वाद नको सोसायटीत. तुमचं पुढच्या मीटिंगला बघू.”

पुढच्या मीटिंगला म्हणजे कधीच नाही, हे मला कळत होतं. प्रमोदलाही कळलं. त्याने मशीनच्या दांड्यावरचा हात काढला आणि त्याच्या चेहऱ्यावर ते भिवंडीचं ‘बरं’ परत आलं. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी पदर खोचला. कुणाला काय ऐकवायचं ते सगळं जिभेवर तयार होतं. सी विंग, ए विंग, दौलतराव, त्यांचं क्रिकेट, कोणालाच सोडणार नव्हते. मी एक पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं...

आणि मशीन सुरू झालं.

प्रमोदने ते धूड सी विंगच्या पायऱ्यांशी नेऊन आडवं वळवलं होतं. कोणालाही न विचारता तो निघाला. आधीच्या पट्ट्यांना कापत पलीकडच्या भिंतीपर्यंत, तिथून परत, पुन्हा पलीकडे. आवाजात माझं भांडण तसंच राहिलं. लोक बडबडत होते ते हळूहळू थांबले. पट्ट्यांवर पट्टे पडून हिरवळीवर चौकडी उमटायला लागली. गडद चौकोन, फिकट चौकोन, जिथून बघावं तिथून.

वेणूबाई धावत आपल्या गॅलरीत गेल्या आणि वाकून बघितलं.

“आता कसा! चौकडीचा लुगडा!”

सी विंगने इतक्या टाळ्या वाजवल्या की ए विंगला थोडा रागच आला. मीटिंग तिथेच, उभ्याउभ्या झाली. वर्षाचं काम प्रमोदला.

“प्रमोदराव,” दौलतराव म्हणाले, “एवढ्या पटकन कसं काय सुचलं तुम्हाला?”

प्रमोदने रुमालाने मान पुसली. “साहेब, विचार करायला वेळच नव्हता. हिने तोंड उघडलं होतं.”

सगळे हसले. वेणूबाई तर गॅलरीचा कठडा धरून हसल्या. मला राग यायला हवा होता, पण डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते लपवायला मी खोचलेला पदर सोडला.

तिथूनच बुद्धभूषणला फोन लावला. “भाऊ, गोदामात दुसरा माणूस बघ. आमच्या यांना सवड नाही.”

मशीन टेम्पोत चढवून आम्ही स्टेशनजवळच्या हॉटेलात गेलो. प्रमोदने मेन्यूकार्ड उघडलं. पुढून मागे वाचलं, मागून पुढे वाचलं. वेटर दोनदा येऊन गेला. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता.

मी काही बोलले नाही. म्हटलं, वाच सावकाश.

शेवटी मसाला डोसाच आला.